सावलीचं एकच झाड लावायचंय: बहावा की दुसरं काही?

सावलीशोधक

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आता गरजेपोटी पहिला धागा काढतोय.

बैठं घर आहे. पश्चिमेची भिंत दुपारी तीननंतर जी तापायला लागते ती रात्री दहापर्यंत हात लावू देत नाही. ती भिंत नेमकी झोपायच्या खोलीची. भिंतीपासून कुंपणापर्यंत ९ मीटर मोकळी जागा आहे. विजेच्या तारा फक्त दक्षिणेकडच्या कोपऱ्यावरून जातात, बाकी आकाश मोकळं. जमीन म्हणाल तर वर हातभर काळी माती आणि खाली मुरूम.

जागा बघता झाड एकच लावता येईल. अटी तीन. उन्हाळ्यात दाट सावली हवी. हिवाळ्यात पानं गळून ऊन आत यायला हवं, कारण आई त्या दिवसांत दुपारनंतर पश्चिमेच्या ओट्यावर उन्हात बसते. आणि फुलं हवीत. तिसरी अट माझी एकट्याची आहे, घरच्यांना तिच्याशी देणंघेणं नाही.

मनात बहावा पक्का आहे. भर उन्हाळ्यात ते पिवळे घोस लोंबताना पाहिले आणि तिथेच ठरवलं. कुणी लावला असेल तर अनुभव सांगा. किती जागा धरू, खड्डा केवढा घेऊ, मुळं पायाला धोका करतील का?

---

टिकाव

बहावाच. यात विचारण्यासारखं काय आहे?

---

शेंडा

बहाव्याला +१. बी पेरणार असाल तर त्याचं कवच कठीण असतं. नुसतं मातीत टाकलंत तर महिनोन्महिने ढिम्म हलणार नाही. पॉलिश पेपरवर एका बाजूने घासा, आतला फिकट भाग जेमतेम दिसेपर्यंत, मग रात्रभर पाण्यात ठेवा. फुगलेलं बी तेवढं पेरायचं, न फुगलेलं परत घासायचं. फुलांसाठी मात्र काही वर्षं वाट बघायची तयारी ठेवा.

---

पानझडवही

सावलीशोधक, थांबा जरा. तुम्ही बहावा फुललेला पाहिलात तेव्हा त्याच्याखाली उभे राहिला होतात का? सावली कितपत होती?

मी गेली काही वर्षं एक वही ठेवतो. रोजच्या फेरीच्या वाटेवर जी झाडं लागतात, त्यांची पानं कधी गळायला लागली, झाड पूर्ण उघडं कधी झालं आणि नवी पालवी कधी भरली, एवढ्या तीनच तारखा लिहायच्या. दुसरं काही नाही. वहीतून एक गोष्ट लख्ख कळली. ‘पानगळीचं झाड’ म्हटलं की आपण गृहीत धरतो की ते हिवाळ्यात उघडं आणि उन्हाळ्यात भरलेलं असणार. हे थंड प्रदेशातल्या झाडांचं वेळापत्रक. मोसमी पावसाच्या मुलखात झाड पानं टाकतं ते थंडीला भिऊन नव्हे, जमिनीतलं पाणी आटलं म्हणून. आणि पाणी सगळ्यात जास्त कधी आटतं? तुम्हाला सावली हवी असते नेमकी तेव्हा.

वहीतला गोषवारा देतो. तारखा जागेप्रमाणे पुढेमागे होतात, तेव्हा साधारण धरा.

पांगारा आणि काटेसावर हिवाळ्यातच उघडे होतात, उघड्या फांद्यांवर फुलतात आणि पालवी उन्हाळा लागल्यावर येते. पळस तसाच, पण जरा मागून. गुलमोहर फेब्रुवारी-मार्चपासून उघडा. फुलांबरोबर पानं येतात, ती पिसासारखी असल्याने सुरुवातीची सावली जाळीदारच. नीलमोहर थोडाफार तसाच. बहावा मार्चपासून पानं टाकायला लागतो आणि एप्रिल-मेमध्ये फुलतो तेव्हा बहुतेक उघडा किंवा अर्धा उघडा असतो. म्हणून तर तो इतका पिवळा दिसतो, मध्ये हिरवं काही नसतंच. कडुनिंब आणि करंज उघडे असतात ते अगदी थोडे दिवस, आणि लगेच पालवतात. शिरीष हिवाळ्यात शेंगा वाजवत उभा असतो, पालवी मार्च-एप्रिलमध्ये. ताम्हणाची पानं थंडीत तांबूस होऊन जानेवारी-फेब्रुवारीत गळतात, मार्च-एप्रिलपर्यंत नवी भरतात आणि मग त्या पानांवर जांभळी फुलं येतात.

म्हणजे तुमची पश्चिमेची भिंत एप्रिलमध्ये रणरणत असणार आणि समोर बहावा अंगावर एक पान नसताना सुंदर दिसत असणार. झाड निवडताना ते फुलतं कधी हे सगळेच विचारतात. उघडं कधी असतं हे कुणी विचारत नाही.

---

सावलीशोधक

काका (म्हटलं तर चालेल ना?), तुम्ही तर पायाखालची जमीनच काढून घेतलीत. घरात वाचून दाखवलं. आई म्हणाली, ‘हे मी कधीची सांगत होते.’ कधी सांगत होती ते मला आठवत नाही.

---

पानझडवही

काका चालेल, केस पिकलेत.

---

खोडकर

गुलमोहराचं नाव कुणी घेतलं म्हणून लिहितो. आमच्याकडे होता. छत्रीसारखा पसरला होता, बघणारा थबकून बघायचा. मूळचा मादागास्करचा पाहुणा, आपल्याकडे इतका रुळला की आपलाच वाटतो. पण लाकूड ठिसूळ आणि मुळं उथळ. अंगणातल्या फरश्या त्याने अशा उचलल्या की पावसात प्रत्येक फरशीखालून पिचकारी उडायची. मग एका वादळात अर्धी छत्री गच्चीच्या कठड्यावर. माणसं घरात होती म्हणून वाचलो. मोकळ्या माळावर लावा, घराला खेटून लावू नका.

---

बर्फातली

मी बर्फाच्या मुलखात राहते, त्यामुळे माझ्याकडचं वेळापत्रक काकांनी म्हटलं तसं पाठ्यपुस्तकी आहे. दिवस लहान व्हायला लागले आणि गारवा वाढला की मेपलची पानं रंगतात, आणि बर्फ पडण्याआधी झाड मोकळं. इथे पानगळीचं झाड घराच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला लावतात. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून खालून येतो, त्याला वाट मिळते. अर्थात उघड्या फांद्याही थोडं ऊन खातातच, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीपुढे अगदी दाट फांद्यांचं झाड नको.

माझी चूक सांगते. आधीच्या मालकांनी लावलेलं ब्रॅडफर्ड पेअर होतं. १९६०च्या दशकात अमेरिकेत हे झाड आदर्श शोभेचं झाड म्हणून बाजारात आलं. वसंतात पांढरंशुभ्र, शरदात लाल, आकार मापून काढल्यासारखा. पण त्याच्या सगळ्या फांद्या खोडाच्या एकाच टप्प्यातून, अगदी अरुंद कोनात वर जातात. बेचक्यात दोन्हीकडची साल आत दबत जाते आणि लाकूड लाकडाला धरत नाही. पंधरा-वीस वर्षांत वादळाने म्हणा किंवा बर्फाच्या ओझ्याने म्हणा, झाड मधोमध चिरतं. आमचं एका पहाटे चिरलं, आवाज बंदुकीसारखा. ताम्हण लावा नाहीतर काहीही लावा, पण पहिल्या चार-पाच वर्षांत बेचक्यांकडे बघत राहा.

---

दुपारचं_ऊन

जागेबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो.

उत्तर गोलार्धात उन्हाळ्यात सूर्य पश्चिमेला नाही, वायव्येला मावळतो. त्यामुळे भिंतीच्या बरोबर मध्यावर झाड लावलंत तर तिन्हीसांजेच्या आधीचं तिरपं ऊन झाडाच्या उजव्या अंगाने आत शिरतं (भिंतीकडे पाठ करून बघितलं तर). झाड मध्यापासून थोडं उत्तरेकडे सरकवा. तुमच्याकडे तारा दक्षिणेच्या कोपऱ्यात आहेत, म्हणजे दोन्ही कामं झाली. शिवाय हिवाळ्यात सूर्य नैर्ऋत्येला मावळतो, ती बाजू आईंना आपोआप मोकळी मिळेल.

कागदावर गणित नको असेल तर एक काठी घ्या. उन्हाळ्यात दुपारी चार वाजता ३ मीटरचा बांबू मनातल्या जागी उभा धरा आणि सावलीचं टोक बघा. सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असेल तर सावली काठीएवढी, ३० अंशांवर उतरला की पावणेदोन पट. म्हणजे ६ मीटरचं झाडसुद्धा त्या वेळी १० मीटरवर सावली टाकतं. झाड भिंतीला चिकटवायची गरजच नसते. लोक उगाच दीड-दोन मीटरवर लावतात आणि पुढे जन्मभर गच्चीवरच्या फांद्या तोडत बसतात.

---

ओलीमाती

वरच्यांचं पटतं, तरी बहाव्याच्या बाजूने दोन शब्द.

माझ्याकडे आहे. पावसाळ्यात त्याच्यावर पिवळसर-पांढऱ्या फुलपाखरांच्या हिरव्या अळ्या पडतात, पार पानं चाळणी. पहिल्या वर्षी मी औषधाची बाटली घेऊन धावले. दुसऱ्या वर्षी कंटाळा केला. झाडाने पंधरा दिवसांत नवी पानं काढली आणि अंगणात फुलपाखरंच फुलपाखरं. तेव्हापासून बाटली बंद. फुलांवर काळे भुंगे येतात तेही बघण्यासारखे: फुलाला मिठी मारून गुणगुणतात, त्या कंपनाने पराग झडतात.

आणखी एक. माझा बहावा न्हाणीच्या पाण्याजवळ आहे. तो उशिरापर्यंत पानं धरून ठेवतो आणि फुलतो बेताचा. भावाकडचा कोरड्या बांधावरचा बहावा मात्र पूर्ण उघडा होऊन वेड्यासारखा फुलतो. पाणी देऊन सावली वाढवायला जाल तर ज्याच्यासाठी लावला तेच जाईल.

तेव्हा बहावा जिथून दिसेल तिथे लावावा. जिथे बसायचं तिथे दुसरं काही.

---

खोडकर

‘जिथून दिसेल तिथे’ म्हणजे शेजाऱ्याच्या अंगणात. पालापाचोळाही त्याचा, शेंगाही त्याच्याच.

---

शेंडा

अवांतर: बहावा शेंगावर्गी असला तरी त्याच्या मुळांवर नत्राच्या गाठी येत नाहीत. ‘शेंगेचं झाड आहे, जमीन सुपीक करेल’ असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. शिरिषाला गाठी येतात.

---

चौकट

बांधकामातला माणूस आहे, पायाच्या प्रश्नाला उत्तर देतो. बहुतेक झाडांची बहुतेक मुळं वरच्या ६० सेंटिमीटर मातीत असतात आणि आडवी, पसाऱ्याच्या कितीतरी बाहेर जातात. झाडाखाली तेवढंच उलटं झाड असतं हे चित्र विसरा. शाबूत काँक्रीट मुळं फोडत नाहीत. ती आधीच पडलेल्या भेगेत आणि गळक्या सांध्यात शिरतात. सांडपाण्याची नळी झिरपत असेल तर मूळ तिथे जाणारच, त्यात मुळाचा काय दोष?

खरा त्रास काळ्या मातीत. ती ओली झाली की फुगते, सुकली की आक्रसते. मोठं झाड उन्हाळ्यात तिच्यातलं पाणी ओढून घेतं, माती आणखी आक्रसते आणि उथळ पाया असलेली भिंत तडकते. तुमच्याकडे हातभर खाली मुरूम आहे आणि पाया मुरमात टेकला असेल तर फार चिंता नको. तरी पूर्ण वाढलेल्या झाडाच्या पसाऱ्याच्या निम्मं अंतर भिंतीपासून सोडा. पसारा ८ मीटर धरलात तर ४ मीटर. ५ सोडलेत तर शांत झोपाल.

---

सावलीशोधक

ठरलं. ताम्हण. भिंतीपासून ५ मीटर, मध्यापासून दीड मीटर उत्तरेला. बांबू धरून पाहिला, चार वाजता सावली बरोबर खिडकीवर आली. (बांबू मी धरला, आई खिडकीतून ‘अजून डावीकडे’ म्हणत होती.)

आता खड्डा. सगळे तीन बाय तीन बाय तीन फूट म्हणतात, खाली निम्मं शेणखत. बरोबर?

---

टिकाव

बरोबर. वडिलांनी शंभरावर झाडं तशीच जगवली. बहाव्याला मत दिलं होतं, ते मागे घेतो.

---

बर्फातली

इथे नेमकं उलटं सांगतात. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दोन-तीन पट रुंद, पण खोली गोळ्याएवढीच, आणि भरायची ती निघालेलीच माती. खत खड्ड्यात न घालता वर पसरायचं. कारण खोल भुसभुशीत खड्ड्यात खत कुजतं, माती बसते आणि झाड सहा महिन्यांत वीतभर खाली जातं. खोड मातीत गाडलं गेलं की साल सडते. शिवाय खड्ड्याच्या आत सुखसोयी आणि बाहेर कठीण जमीन असेल तर मुळं बाहेर पडायला मागत नाहीत.

---

टिकाव

ताई, तुमच्याकडे माती आहे. इथे खाली मुरूम आहे. पहारीने फोडला नाही तर मुळं जाणार कुठे?

---

पानझडवही

दोघंही आपापल्या जागी बरोबर आहात. मुरमात खोल खणावंच लागतं, पण खणलेलं सगळं एका दमात भरून त्याच दिवशी रोप लावायचं नाही. खड्डा महिनाभर आधी खणा. निघालेली माती आणि त्यात फार तर पाचवा हिस्सा चांगलं कुजलेलं शेणखत मिसळून थराथराने भरा, प्रत्येक थर पाणी ओतून बसवा. एक-दोन पाऊस पडू द्या. जमीन बसली की त्यात फक्त गोळ्याएवढा छोटा खड्डा करून रोप लावा. खड्ड्याच्या बाजू गुळगुळीत ठेवू नका, पहारीने ओरबाडून ठेवा. काळ्या मातीत गुळगुळीत खड्डा म्हणजे हौद. आधी घमेलंभर पाणी ओतून बघा. दुसऱ्या दिवशीही साचलेलं असेल तर खालचा मुरूम अजून फोडायला हवा. ताम्हण ओढ्याकाठचं झाड आहे, ओल सोसतं. बहाव्याला साचलेलं पाणी अजिबात सोसलं नसतं.

---

टिकाव

हे मान्य. वडीलही खड्डे उन्हाळ्यातच खणून ठेवायचे. कारण विचारायचं राहून गेलं होतं.

---

ओलीमाती

रोप निवडताना उंचीवर भाळू नका. पुरुषभर उंच, बारीक आणि काठीला बांधलेलं रोप म्हणजे वर्षानुवर्षं लहान पिशवीत कोंडलेलं. पिशवी काढून मुळं बघू देत नसतील तर दुसरं रोप बघा. पिशवीच्या आकारात गोल गोल फिरलेली मुळं पुढे तशीच जाड होतात आणि दहा वर्षांनी झाड स्वतःचाच गळा आवळतं. थोडी फिरली असतील तर उभ्या तीन-चार चिरा द्या, बाहेरची तोडून टाका. आणि पिशवी काढायची बरं का! हसू नका, मी मेलेली झाडं उपटून पाहिली आहेत, खाली पिशवी जशीच्या तशी.

---

बर्फातली

उंचीबद्दल ताईंना पूर्ण पाठिंबा. इथला ठोकताळा असा, की खोडाच्या दर अडीच सेंटिमीटर जाडीमागे झाडाला नव्या जागी रुळायला एक वर्ष लागतं. लहान रोप लवकर रुळतं आणि बघता बघता मोठ्याला गाठतं.

---

खोडकर

आधाराच्या काठीबद्दल माझ्याकडून. दोन काठ्या, खोडापासून दूर, मधून कापडाची सैल पट्टी, आणि ती खालच्या अंगाला. खोड वाऱ्यावर हललं पाहिजे, हलल्यानेच ते बुंध्याशी जाड होतं. वर्षभराने सगळं सोडा. आमच्याकडे एका कडुनिंबाला नायलॉनची दोरी बांधली होती. सोडायची कुणी, या वादात तीन वर्षं गेली. दोरी सालीच्या आत गेली आणि एका पावसात झाड तिथेच मोडलं. वाद अजून मिटलेला नाही.

---

सावलीशोधक

धागा वर काढतोय. पावसाळा संपला. रोप कमरेएवढं होतं, तसंच आहे, उलट खालची पानं पिवळी पडताहेत. रोज संध्याकाळी तांब्याभर पाणी घालतो. बुंध्याशी पालापाचोळ्याचा छान ढीगही घातलाय. काय चुकतंय?

---

पानझडवही

दोन्ही चुकतंय.

रोजच्या तांब्याभर पाण्याने वरची चार बोटं माती ओली राहते आणि मुळं तिथेच घुटमळतात. आठवड्यातून एकदा, कडक उन्हात दोनदा, दोन बादल्या पाणी हळूहळू सोडा. आळं खोडाला चिकटून नको; खोडाशी उंचवटा आणि भोवती गोल चर. झाड वाढेल तसं आळं बाहेर सरकवत न्यायचं. पाणी पिणारी मुळं बाहेरच्या अंगाला असतात, खोडाशी नसतात.

ढीग मागे ओढा. आच्छादन दोन-तीन इंच जाड, हवं तितकं रुंद पसरा, पण खोडाभोवती वीतभर जागा उघडी. खोड जमिनीत शिरताना थोडं रुंदावतं. तो रुंद भाग दिसला पाहिजे. खोड खांबासारखं सरळ मातीत घुसलेलं दिसत असेल तर लावताना ते खोल गेलंय.

---

सावलीशोधक

बोटांनी उकरून पाहिलं. तीन बोटं खोल गेलं होतं. माती मागे ओढून रुंद भाग मोकळा केला. ओला, काळसर झाला होता, पण साल शाबूत आहे.

---

ओलीमाती

हुश्श. वेळेवर बघितलंत.

---

सावलीशोधक

परत मीच. तिसरं वर्ष. उंची साडेतीन मीटर. छातीच्या उंचीवर दोन शेंडे फुटलेत, दोन्ही सारखे जाड, आणि मध्ये अरुंद बेचकं. बर्फातली ताईंचं पेअर आठवलं आणि झोप उडाली. एक कापू का? कापलेल्या जागी डांबर लावायचं ना?

---

बर्फातली

कापा, आत्ताच. आज तो अंगठ्याएवढा आहे, दहा वर्षांनी मांडीएवढा असेल. जो जास्त सरळ आहे तो ठेवा.

डांबर नको. झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. ॲलेक्स शायगो नावाच्या अमेरिकन वृक्षशास्त्रज्ञाने करवतीने हजारो खोडं चिरून हे दाखवलं आणि १९७७ साली त्यावर सविस्तर लिहिलं. झाड सडलेला भाग दुरुस्त करत नाही, त्याच्याभोवती आतून भिंती उभ्या करून त्याला कोंडतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. रंग-डांबराने सडणं थांबत नाही. फांदी कापताना तिच्या मुळाशी फुगीर कडं दिसतं, ते खोडाचं असतं; कडं राखून त्याच्या बाहेर कापायचं. खोडाशी सपाट कापलं तर भिंत उभारणारा भागच गेला. खुंटी लांब ठेवली तर ती सडते. जाड फांदी असेल तर आधी खालून अर्धी चीर द्या, मग त्याच्या थोडं बाहेरून वरून कापून वजन उतरवा आणि शेवटी कड्याबाहेर खुंटी काढा. नाहीतर फांदी पडताना साल सोलत नेते.

---

पानझडवही

छाटणी पानगळीत करा, म्हणजे सांगाडा दिसतो. ताम्हणाची फुलं नव्या फुटव्यांच्या टोकांना येतात, तेव्हा पालवी फुटल्यावर सिकेटर हातात घेऊ नका. खालच्या फांद्याही एकदम काढायच्या नाहीत. डोकं लागतं म्हणून लोक बुंधा सपाट करतात आणि वर नुसता झाडू उरतो. उंचीच्या दोन तृतीयांश भागात तरी पानं राहू द्या, वर्षाला थोडं थोडं वर सरका. खालच्या फांद्याच बुंधा जाड करतात.

---

नवीन_पालवी

मध्येच विचारते. गळलेली पानं रोज झाडून जाळावीत का? घरात सगळे कंटाळतात.

---

ओलीमाती

जाळू नका हो. कोपऱ्यात जाळीचा गोल करून त्यात दाबून भरा, अधूनमधून ओलं करा. वर्षभरात काळं, भुसभुशीत सोनं मिळतं, तेच आच्छादनाला वापरा. फक्त छपराची पन्हळ पावसाआधी साफ करा, पानांचा बोळा तिथेच बसतो. झाड पान टाकण्याआधी त्यातलं नत्र बरंचसं परत ओढून घेतं, त्यामुळे वाळलेलं पान सावकाश कुजतं. हिरवा कचरा थोडा मिसळलात तर वेग येतो.

---

सावलीशोधक

पाचवं वर्ष. मंडळी, तीन तुरे आले. जांभळे, चुरगळलेल्या तलम कागदासारख्या सहा-सहा पाकळ्या. सकाळी गडद, नंतर फिकट होत जातात. आईने शेजारपाजाऱ्यांना हात धरून आणून दाखवले, फुलांशी देणंघेणं नसलेली हीच ती.

भिंतीचं सांगायचं तर अजून पूर्ण झाकलेली नाही. चार ते साडेपाच खिडकी सावलीत असते, वरचा पट्टा तापतोच. पण रात्री भिंतीला हात लावला तर झाडाच्या सावलीतला भाग कुठे संपतो ते डोळे मिटून सांगता येतं.

---

शेंडा

अभिनंदन! अवांतर: ताम्हणाचं शास्त्रीय नाव लागरस्ट्रोमिया स्पेसिओसा. लिनिअसने हे कुलनाम स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीतल्या मॅग्नस फॉन लागरस्ट्रोम या मित्रावरून ठेवलं.

---

खोडकर

माझा कुणी मित्र असा नाही. असता तर माझ्या नावाने कॅक्टस निघाला असता.

---

चौकट

बोंडं वाळून फुटली की फांदीवरच राहतात, तुरे काढायची घाई नको. आणि एक सांगून ठेवतो: अंगणात पेव्हर ब्लॉक बसवायचा विचार असेल तर बुंध्याभोवती निदान दीड-दोन मीटरचा चौकोन उघडा सोडा. गवंडी अगदी खोडापर्यंत बसवून देतो आणि वर ‘नीटनेटकं दिसतं’ म्हणतो. तसंच मुळांवर मातीचा भराव टाकू देऊ नका. हातभर भरावाखाली मुळांना हवा मिळत नाही. झाड लगेच मरत नाही, दोन-चार वर्षं घेतं, म्हणून कारण कुणाच्या लक्षातच येत नाही.

---

पानझडवही

सगळं झालं, माझ्या तारखा कुठे आहेत?

---

सावलीशोधक

आहेत काका. तुमच्यासारखीच वही केलीय. या वर्षीच्या: पानं तांबूस होऊन गळायला सुरुवात १६ जानेवारी. पूर्ण उघडं ९ फेब्रुवारी. पालवी भरली १४ मार्च. मधले साधारण महिनाभर आई ओट्यावर.

---

पानझडवही

उघडं व्हायला माझ्या ताम्हणापेक्षा ११ दिवस उशीर. पाणी देताय ना अजून?

---

सावलीशोधक

आठवड्याला दोन बादल्या.

---

पानझडवही

वाटलंच. पुढच्या वर्षी डिसेंबरात बंद करून बघा, आणि तारीख कळवा.